पडद्यापलीकडची विचारपूस

घरातून कोणी महाविद्यालयात जात असेल, तर ते साऱ्या घराला दिसते. सकाळी डबा भरला जातो, बसची वेळ गाठण्याची घाई होते, संध्याकाळी दमलेले माणूस परत येते आणि ‘आज काय शिकवले?’ असे कोणीतरी सहज विचारते. ऑनलाइन पदवी घेणारा विद्यार्थी मात्र घरात असूनही विद्यार्थी म्हणून दिसत नाही. तो नेहमीच्याच खोलीत, नेहमीच्याच खुर्चीवर बसलेला असतो. दाराची घंटा वाजली की उठायला त्यालाच सांगितले जाते, गॅसचा सिलिंडर आला की तो उतरवून घ्यायलाही तोच. कारण तो ‘घरीच तर आहे’. त्यामुळे त्याने अभ्यास सोडला, तरी तेही कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज असा एखादा विद्यार्थी आहे. तो नातू असेल, नोकरी सांभाळून एमबीए करणारी लेक असेल, किंवा आपल्याच औषधांच्या वेळा सांभाळत राहिलेली बी.ए. पुरी करू पाहणारी सून असेल. काही घरांत तो विद्यार्थी म्हणजे आपण स्वतःच असाल. निवृत्तीनंतर संस्कृत, इतिहास किंवा समाजशास्त्राकडे वळलेली मंडळी आता अपवाद राहिलेली नाहीत. अशा विद्यार्थ्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या एका माणसाविषयी येथे लिहायचे आहे. अमेरिकेत त्याला ‘अकॅडेमिक कोच’ म्हणतात. आपल्याकडे त्याचे नाव अजून रुळलेले नाही, पण त्याची उणीव मात्र जाणवू लागली आहे.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अर्धवट सुटलेला अभ्यास माणसाच्या मनात कसा रुतून बसतो, हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हा प्रश्न पडणार नाही. झोप मोडते, चिडचिड वाढते, ‘आपल्याच्याने काही पुरे होत नाही’ हा निष्कर्ष पक्का होतो. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर तो अभ्यास ही तिच्या दिवसातली एकमेव अशी गोष्ट असते, जी केवळ तिची स्वतःची असते. ती गेली की उरते फक्त शुश्रूषा.

गळती आवाज न करता होते

विचारपूर्वक अभ्यास सोडणारे फार थोडे असतात. बहुतेकांचा तो सुटतो. एका आठवड्यात घरात ताप येतो आणि एक स्वाध्याय राहून जातो. पुढच्या आठवड्यात तो आधीचा भरून काढायचा की नवा सुरू करायचा, हे ठरत नाही. तिसऱ्या आठवड्यात अभ्यासाचे पान उघडले की तांबड्या अक्षरांत ‘मुदत संपली’ असे दिसते, आणि ते पाहणे नकोसे वाटू लागते. मग ते पान उघडणेच टाळले जाते. त्यानंतर पुनर्नोंदणीची तारीख येते आणि निघून जाते. या सर्व काळात त्याला कोणी रागावलेले नसते, नापास केलेले नसते, जायला सांगितलेले नसते. वर्गात सलग चार दिवस रिकामा राहिलेला बाक शिक्षकाच्या नजरेत भरतो. पडद्यावर रिकामा बाक नसतो.

उत्तम व्याख्याने उपलब्ध करून दिली की माणसे शिकतील, अशी एक मोठी आशा २०१२ च्या सुमारास जगभर निर्माण झाली होती. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांनी आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य खुले केले. लाखो लोकांनी नावे नोंदवली. पुढे या अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हा २०१७-१८ या वर्षात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण नाव नोंदवणाऱ्यांच्या अवघे ३ टक्क्यांच्या आसपास असल्याचे दिसले. यातले कित्येक केवळ कुतूहलापोटी आलेले असणार, त्या सर्वांना ‘गळालेले’ म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही एक गोष्ट या आकड्याने पुरती स्पष्ट केली. ज्ञान घरपोच मिळाले, म्हणून अभ्यास होतोच असे नाही.

क्लास नव्हे, कोच

‘कोच’ या शब्दाने आपल्याकडे गैरसमज होण्याची शक्यता आहे. ‘कोचिंग’ म्हटले की लातूर, पुणे किंवा कोटा येथील क्लास, जाडजूड नोट्स आणि सराव परीक्षा डोळ्यांसमोर येतात. अकॅडेमिक कोच यांतले काहीही करत नाही. तो विषय शिकवत नाही, उत्तरे सांगत नाही, स्वाध्याय तपासत नाही. सांख्यिकीची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या कोचला सांख्यिकी येत नसली तरी चालते. त्याचे काम असते विद्यार्थ्याचा आठवडा समजून घेण्याचे.

साधारण आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा तो फोन करतो. फोन तो करतो, हे महत्त्वाचे आहे. मदतीचा क्रमांक बहुतेक विद्यापीठांकडे असतो. पण जो विद्यार्थी मागे पडलेला असतो, तोच तो क्रमांक फिरवायला सर्वाधिक संकोचतो. म्हणून पहिले पाऊल कोचनेच उचलायचे असते. अनेक ठिकाणी विद्यार्थ्याने किती दिवसांत अभ्यासाचे पान उघडलेले नाही, कोणता स्वाध्याय दिलेला नाही, हे कोचला त्याच्या संगणकावर दिसते. दहा दिवसांची शांतता दिसली की तो फोन उचलतो. जाब विचारण्यासाठी नव्हे. ‘बऱ्याच दिवसांत भेट नाही, सर्व ठीक आहे ना?’ एवढे विचारण्यासाठी.

हे संभाषण कसे असते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एक बाई आपल्या सासूबाईंची शुश्रूषा करत समाजशास्त्राची पदवी घेत आहेत. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते. दोन स्वाध्याय राहिले आहेत आणि आता हे आपल्याला जमणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले आहे.

‘डायलिसिस कोणत्या वारी असते?’

‘मंगळवारी आणि शुक्रवारी.’

‘तिथे तुम्हाला किती वेळ थांबावे लागते?’

‘चार तास तरी. जाणे-येणे वेगळे.’

‘त्या चार तासांत तुम्ही काय करता?’

‘काही नाही. बसून असते. कधी डोळा लागतो.’

अननुभवी मार्गदर्शक या ठिकाणी लगेच म्हणेल, ‘मग तिथेच पुस्तक काढत जा की!’ आणि त्याच क्षणी त्या बाईंचा विश्वास गमावून बसेल. कारण आठवड्यातली तेवढीच त्यांची विश्रांती आहे. चांगला कोच पुढे विचारतो, ‘या दोन दिवसांपैकी कोणत्या दिवशी तुम्ही अधिक थकलेल्या असता?’ शुक्रवारी, असे उत्तर येते. मग शुक्रवार झोपेसाठी मोकळा राहतो. मंगळवारी मात्र कानात यंत्र घालून एक व्याख्यान ऐकायचे ठरते, फक्त ऐकायचे, लिहायचे काही नाही. लेखनासाठी रविवारची दुपार निघते. त्या वेळी यजमान घरी असतात. पण यजमानांना हे सांगितले आहे का? नाही. ‘मग या आठवड्याचे काम स्वाध्यायाचे नाहीच,’ कोच म्हणतो, ‘या आठवड्यात एवढेच करायचे. रविवारी दोन ते चार आईंकडे तुम्ही पाहाल का, असे त्यांना विचारायचे. पुढच्या सोमवारी मी फोन करीन.’

या संभाषणात समाजशास्त्राचे नावही निघाले नाही. तरी त्या बाईंचे शिक्षण पुढे जाण्याची शक्यता त्यातूनच निर्माण झाली. दुसरीही एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. सोमवारी कोणीतरी विचारणार आहे, हे माहीत असल्यामुळे रविवारपर्यंत ते बोलणे होते. आपण ठरवलेले कोणाच्या तरी लक्षात आहे, ही जाणीव साधी असते, पण तिच्यात मोठे बळ असते. शिस्त लावायला येणाऱ्या माणसाजवळ ते बळ नसते. म्हणूनच चांगले कोच आवाज चढवत नाहीत, आणि पुष्कळदा ऐकण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत.

कोच आणखी एक काम करतो. तो कॅलेंडर पुढे सरकवून पाहतो. परीक्षा डिसेंबरात आहे आणि घरातले लग्नही डिसेंबरात आहे, हे विद्यार्थ्याला दोन वेगवेगळ्या प्रसंगी माहीत असते. एकाच कागदावर ते त्याने कधी मांडलेले नसते. कोच ते ऑगस्टमध्ये मांडायला लावतो. सहापैकी चारच विषयांना या वेळी बसावे, असा सल्ला कधी कधी तो देतो, आणि तो सल्ला ऐकून विद्यार्थ्याला हायसे वाटते; कारण कमी करण्याची परवानगी त्याला स्वतःला देता आलेली नसते.

रेडिओ-टपालापासून लॅपटॉपपर्यंत

ही कल्पना अगदी नवी नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. दूरचित्रवाणीवर बीबीसीवरून भल्या पहाटे लागणारी तिची व्याख्याने गाजली. पण विद्यार्थ्याला धरून ठेवणारा दुवा होता तो त्याच्या ट्यूटरचा. टपालाने आलेल्या स्वाध्यायावर हाताने शेरा लिहून तो परत पाठवणारा हा ट्यूटर होता. विली रसेल यांच्या ‘एज्युकेटिंग रीटा’ या १९८० सालच्या नाटकाचा विषय हाच. केशकर्तनालयात काम करणारी एक तरुणी आणि तिचा ओपन युनिव्हर्सिटीचा ट्यूटर, एवढीच त्यातली पात्रे. १९८३ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. मुक्त विद्यापीठावर नाटक लिहावेसे कोणाला वाटले, तर ते पाठ्यपुस्तकांमुळे नव्हे, या नात्यामुळे.

आपल्याकडे दिल्लीत १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आणि नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. गावोगावच्या महाविद्यालयांत त्यांची अभ्यासकेंद्रे उघडली. तेथे येणाऱ्या शिक्षकाला मुक्त विद्यापीठाने ‘संमंत्रक’ असा खास शब्द घडवला, कारण वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकापेक्षा त्याचे काम निराळे होते. विद्यार्थ्याने घरी वाचून यायचे आणि अडेल ते संमंत्रकाला विचारायचे. प्रत्यक्षात हे सर्वत्र उत्तम चालले असे कोणी म्हणणार नाही. रिकामी सत्रे आणि घाईने उरकलेली सत्रे अनेकांना आठवत असतील. तरी सुटीच्या दिवशी एसटीने तालुक्याला जाणे, आपल्यासारख्याच चार जणी भेटणे, ‘मागच्या वेळी का नाही आलात?’ असे कोणीतरी विचारणे, हे त्या व्यवस्थेत आपोआप घडत होते. ज्यांनी चाळिशीत अशी पदवी घेतली, त्यांना अभ्यासक्रमातले धडे विसरले असतील; बरोबर चहा प्यायलेल्या बाया विसरलेल्या नसतात.

शिक्षण पूर्णपणे ऑनलाइन झाले तेव्हा प्रवास वाचला, पैसे वाचले, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकटे ठेवण्याची वेळ टळली. त्याबरोबर ती विचारपूसही गेली. तिची भरपाई करायची तर ती जाणीवपूर्वक करावी लागते. अमेरिकेतील १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी एकत्र येऊन १९९७ मध्ये वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी सुरू केली. ती प्रथमपासून ऑनलाइन शिक्षणासाठीच उभारली गेली आणि तिचे बहुसंख्य विद्यार्थी नोकरी-संसार सांभाळणारे प्रौढ असतात. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून एक मार्गदर्शक नेमून दिला जातो. विषय शिकवणारे वेगळे, हा वेगळा. सुरुवातीला तो आठवड्याला फोन करतो आणि पदवी हाती येईपर्यंत सोबत असावा, अशी ती रचना आहे.

याने खरेच फरक पडतो का?

प्रश्न रास्त आहे. औषधाचा गुण पाहताना जी पद्धत वापरतात, तीच येथे वापरली गेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एरिक बेटिंगर आणि रेचल बेकर यांनी अमेरिकेतील १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. यांतले बरेचसे तिशीतले, शिक्षणाकडे उशिरा वळलेले होते. कोणाला कोच मिळावा आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरलेले होते. कोच विद्यार्थ्यांशी मुख्यतः फोनवर बोलत. सहा महिन्यांनंतर कोच नसलेल्यांपैकी ५८ टक्के शिकत होते, कोच असलेल्यांपैकी ६३ टक्के. कोचची सोबत वर्षभरात संपली. त्यानंतरही आणखी वर्षभर हा फरक, थोडा कमी झालेला, पण टिकून होता.

शंभरात पाच. हा चमत्कार नव्हे. कोच असूनही शंभरातल्या ३७ जणांनी सहा महिन्यांत शिक्षण सोडलेच. नोकरी जाते, पैसे संपतात, घरात आजारपण येते, आणि फोनवरच्या प्रेमळ आवाजाने यांतले काही बदलत नाही. तरी हे पाच जण म्हणजे कोणी असाध्य अडचणीतले नव्हेत. केवळ वेळेवर कोणी न विचारल्यामुळे जे निसटले असते, ते हे पाच. आपल्या घरातली व्यक्ती त्या पाचांतली असू शकते.

मग हेच काम यंत्राने का करू नये? मोबाइलवर रोज आठवण पाठवणे स्वस्त आहे. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात याची परीक्षा झाली. पहिल्या वर्षाच्या हजारो विद्यार्थ्यांपैकी काहींना संगणकावर ध्येये लिहायला लावली, काहींना शिवाय मोबाइलवर प्रोत्साहनाचे संदेश पाठवले, तर थोड्यांना प्रत्यक्ष कोच दिला. हे कोच म्हणजे कोणी तज्ज्ञ नव्हते, वरच्या वर्गांतलेच विद्यार्थी होते. गुण वाढले ते फक्त कोच मिळालेल्यांचे. संदेश आणि संगणकावरचा उपक्रम यांचा परिणाम दिसला नाही. हे विद्यार्थी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाणारे होते, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा घरबसल्या शिकणाऱ्यांना लावता येणार नाही. पण ज्यांच्या फोनवर रोज पन्नास सूचना येतात आणि बोटाने बाजूला सारल्या जातात, त्या आपल्याला हे पटायला अडचण पडू नये.

प्रवेशापूर्वीचा फोन आणि नंतरचा

आता आपल्या घराकडे वळू. ऑनलाइन पदवीची चौकशी करण्यासाठी आपण एखाद्या ठिकाणी मोबाइल क्रमांक दिला, की फोन सुरू होतात. पलीकडचा माणूस स्वतःला ‘समुपदेशक’ म्हणवतो. तो अत्यंत आस्थेने बोलतो, सकाळ-संध्याकाळ विचारपूस करतो, सवलतीची मुदत आजच संपत असल्याचे सांगतो. शुल्क भरले की तो आवाज पुन्हा ऐकू येत नाही. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. प्रवेश मिळवणे हेच त्याचे काम आहे. फक्त त्याला कोच समजू नये.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात, आणि त्यांची उत्तरे शक्यतो लेखी घ्यावीत. प्रवेशानंतर माझ्याशी नियमाने बोलणारी व्यक्ती कोण? ती फोन करील की मीच करायचा? मी तीन आठवडे अभ्यासाचे पान उघडले नाही, तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नाला जर ‘तुम्हाला आपोआप ईमेल येईल’ असे उत्तर मिळाले, तर आपण काय विकत घेत आहोत, ते समजून घ्यावे. संबंधित पदवीला ऑनलाइन माध्यमासाठी मान्यता आहे किंवा नाही, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर आधी पाहणे हे तर ओघाने आलेच.

इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी असेल, तर अभ्यासकेंद्राशी ओळख ठेवणे फार उपयोगाचे ठरते. केंद्राच्या संयोजकाला एकदा प्रत्यक्ष भेटून आपली घरची परिस्थिती सांगून ठेवावी. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या २०१७ पासूनच्या मंचावर शिकणाऱ्यांसाठी चर्चेची जागा असते. तेथे विचारलेल्या शंकेला उत्तर मिळते, पण शंका विचारायला आपणच जावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय करावे

कोच नसेल, तर त्याचे काही काम घरातले कोणी करू शकते. बऱ्याचदा ते आजी-आजोबांना आई-वडिलांपेक्षा अधिक साधते. आई-वडिलांच्या प्रश्नामागे शुल्काची काळजी आणि भविष्याची धास्ती असते, ती लपत नाही. आजोबांजवळ वेळ असतो. मात्र ‘झाला का अभ्यास?’ हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे असतात, आणि मागे पडलेला विद्यार्थी नेहमी ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी ‘या आठवड्यात काय द्यायचे आहे रे?’ असे विचारावे. याचे उत्तर देताना त्याला ते काम स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते, आणि नाव उच्चारले की काम थोडे जवळ येते. विषयातले आपल्याला काही कळत नाही, याचा संकोच नको. उलट त्याचा उपयोगच होतो. ‘हे मला जरा समजावून सांग’ असे आजीने म्हटल्यावर नातवाला स्वतःला किती समजले आहे, ते त्याचे त्याला कळते.

विचारपूस आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी व्हावी. रोज विचारले की ती पाळत होते.

आणि जर घरातली विद्यार्थिनी म्हणजे आपलीच शुश्रूषा करणारी सून किंवा लेक असेल, तर? या बाबतीत थोडे परखड लिहिणे भाग आहे. तिच्या अभ्यासाला सर्वांत मोठी मदत करू शकणारी व्यक्ती बहुधा आपणच असतो, आणि ती मदत म्हणजे आशीर्वाद नव्हे, दोन तास. त्या दोन तासांत पाण्याचा तांब्या, चष्मा, औषधाची गोळी आणि घंटी हाताशी असेल, याची तजवीज आधी करून घ्यावी. तातडीचे नसेल ते चार वाजेपर्यंत थांबवावे. शेजारच्या कोणाला त्या वेळी येऊन बसायला सांगता आले तर उत्तमच. ‘माझ्यासाठी तुझा अभ्यास अडतो’ असे हळहळून म्हणू नये. त्याने तिच्या मनावर आणखी एक ओझे येते. ‘तुझी वेळ झाली, जा आता’ असे म्हणावे. परीक्षेच्या दिवसांत आपल्या तपासण्यांच्या तारखा शक्य तेथे पुढे-मागे करून घ्याव्यात. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, म्हणजे डॉक्टरांशी बोलायला आपल्या हातात महिने असतात.

काही ठिकाणी मात्र घरच्यांनीही आणि कोचनेही थांबायचे असते. दोन-तीन आठवडे झोप उडालेली असणे, जेवण तुटणे, कशातच रस न वाटणे, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलून दाखवणे, ही वेळापत्रक सुधारून सुटणारी गोष्ट नव्हे. चांगला कोच अशा वेळी अभ्यासाचे बोलणे बंद करून विद्यार्थ्याला डॉक्टरांकडे पाठवतो. आपणही तेच करावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

विद्यार्थी आपण स्वतः असाल तर

इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांना वयाची वरची मर्यादा नाही. साठी-सत्तरीत नाव नोंदवणाऱ्यांना अभ्यास जड जात नाही. वाचनाची बैठक त्यांची तरुणांपेक्षा पक्की असते. जड जाते ते पासवर्ड विसरणे, फाइल चढवताना पान अडकणे, आणि या क्षुल्लक गोष्टींसाठी मुलाला किंवा नातवाला पुन्हापुन्हा विचारण्यातली लाज. त्या लाजेपायी पुष्कळ चांगले विद्यार्थी गप्प होतात. आपल्याला मार्गदर्शक मिळाला असेल, तर तो पंचविशीतला असण्याची शक्यता आहे. त्याला अहो-जाहो करत बसू नये आणि त्याच्या वयामुळे त्याला कमीही लेखू नये. पहिल्याच संभाषणात त्याला काही गोष्टी सरळ सांगाव्यात. ऐकू कमी येत असेल तर सावकाश बोलायला सांगावे. फोनपेक्षा पडद्यावर चेहरा दिसलेला बरा वाटत असेल तर तसे सांगावे. दुपारी डोळा लागतो, तर फोन सकाळी दहाला हवा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तिची तारीख सांगावी आणि त्यानंतर किती आठवडे वाचन बंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितले आहे, तेही. म्हणजे त्या काळात ऐकण्याचे पाठ येतील, असे नियोजन त्याला करता येते.

फोनजवळ एक साधी वही असावी. डाव्या पानावर दवाखान्याच्या तारखा, उजव्या पानावर स्वाध्यायाच्या. मार्गदर्शकाचा फोन आला की ती उघडी ठेवून बोलावे, आणि बोलणे संपण्याआधी पुढचा फोन कोणत्या वारी, ते तिच्यात लिहून घ्यावे.